क्रायोलानची टीव्ही पेंट स्टिक आणि बाकीची मेकअप पेटी : ६ वर्षं हौशी नाटकात वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी काही प्रोफेशनल मेकअप आर्टिस्ट वगैरे नाही. दिवसा बँकेत काउंटरला बसते आणि नोव्हेंबर जवळ आला की संध्याकाळी सातनंतर तालमीला. पूर्वी काम करायचे नाटकात, मग एका वर्षी आमचे रंगभूषा करणारे अण्णा ऐन वेळी आजारी पडले आणि दिग्दर्शकाने "तुला लिपस्टिक लावता येते ना, मग बस तू" असं म्हणून ती पत्र्याची पेटी माझ्या पुढ्यात सरकवली, ती आजतागायत माझ्याच घरात कपाटावर आहे. नंतर अण्णांनी बरं झाल्यावर रीतसर शिकवलं, अर्धं शिकवलं आणि अर्धं ओरडले.

आता दर वर्षी कुणीतरी नवा ग्रुप राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो आणि मला फोन येतो की ताई मेकअपचं काय काय घ्यायचं, क्रायोलान कंपनीचं घेऊ का, परवडेल का, घरातलं फाउंडेशन चालेल का. म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. आम्ही रत्नागिरीचे, म्हणजे इथला घाम धरून वाचा. पुण्याच्या थंडीत प्रयोग करणाऱ्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

आधी स्टिकबद्दल. टीव्ही पेंट स्टिक म्हणजे लिपस्टिकसारखी फिरवून वर येणारी जाड कांडी, २५ ग्रॅमची, नावात टीव्ही असलं तरी नाटकवाल्यांच्या पेटीत ही हमखास सापडते. मेण आणि तेलाचा बेस, त्यात रंग ठासून भरलेला, त्यामुळे अगदी थोडीशी लावली तरी चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी केल्यानंतरची हिरवट छटा, सगळं एका हातात झाकलं जातं. हीच तिची खरी ताकद. पुरुषांच्या हनुवटीवरची ती हिरवट छटा घरातल्या फाउंडेशनने कधीच झाकली जात नाही, वरून पांढरा लाइट पडला की लगेच दिसते.

किंमत हजाराच्या पुढे. ऐकून सगळ्यांचे डोळे मोठे होतात, पण हिशोब करा. आमचं मागचं नाटक ११ जणांचं होतं, दोन शेडच्या दोन स्टिक घेतल्या आणि त्या आठ-नऊ प्रयोगांना पुरल्या, तालमीतल्या दोन रंगीत तालमी धरून. म्हणजे डोक्यामागे एका प्रयोगाला पंचवीस-तीस रुपये. तेवढ्यात चहा-वडापाव येतो. अर्थात स्पर्धेचा निर्मितीखर्च मिळतो तो सेट आणि टेम्पोमधेच संपलेला असतो आणि मेकअपचं नाव काढलं की खजिनदार छताकडे बघतो, ते वेगळं.

पण पुरते कधी, तर स्टिक थेट तोंडाला घासली नाही तर. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ११ तोंडांवर एकच स्टिक फिरवणं म्हणजे एकाचे पिंपल अकरा जणांना वाटणं. आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याने थोडी खरवडून स्टीलच्या ताटलीत घ्यायची, बोटाने किंवा ओल्या स्पंजने लावायची. काजळपेन्सिल आणि लिपस्टिक ज्याची त्याने आणायची, यावर मी भांडते, अगदी हिरॉईनशीसुद्धा.

शेडचं सांगते कारण इथे सगळे फसतात. दुकानात गेलं की एफएस ३८, एफएस ४५ असले नंबर दिसतात आणि माणूस आपोआप सगळ्यात उजळ डबीकडे हात नेतो. आमच्याकडे तर नटाला खुर्चीत बसवलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई जरा गोरा कर हां." अरे तू मिरकरवाड्यातला खलाशी आहेस नाटकात, दिवसभर उन्हात होडीवर असतोस, तुला गोरा करून काय करू. एका वर्षी मी ऐकलं, खलाशी गोरा झाला, त्याची बायको झालेली मुलगी त्याहून गोरी झाली, आणि स्टेजवर दोघं पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखे दिसले. त्यात हल्ली सगळीकडे एलईडी. पूर्वी हॅलोजनवर अंबर जिलेटिन, म्हणजे पिवळट रंगाचा पारदर्शक कागद, लावलेलं असायचं, त्या पिवळट उबेत दोन नंबर उजळ बेस, म्हणजे तोंडाला लावलेला रंगाचा मूळ थर, खपून जायचा, थंड पांढऱ्या एलईडीत तोच बेस खडूसारखा दिसतो. तेव्हापासून नियम केलाय, नटाच्या मानेच्या रंगाशी जुळणारीच शेड, फार तर अर्धी पायरी इकडेतिकडे. आणि मान, कान आणि हात विसरायचे नाहीत. गुलाबी चेहरा आणि खाली काळासावळा हात, तोही नेमका कप उचलताना, शेवटच्या रांगेतून सगळ्यात आधी हेच दिसतं.

लाइटवरून आठवलं. लाली लावण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्याला विचारायचं की मुख्य सीनला कुठला रंग आहे. आमचा एक रात्रीचा सीन पूर्ण निळ्यात होता आणि मी नायिकेच्या गालावर मस्त लाल रूज फिरवलेलं, मेकअप रूमच्या बल्बखाली काय सुंदर दिसत होती पोरगी. निळा लाइट पडला आणि तिच्या दोन्ही गालांवर काळे डाग. नवऱ्याने मारलंय असं प्रेक्षकांना वाटलं, आणि योगायोग असा की पुढच्या सीनमधे तो खरंच मारतो, त्यामुळे एका परीक्षकांना ते मुद्दाम केलेलं वाटलं. लाल रंग निळ्या किंवा हिरव्या उजेडात काळा पडतो आणि लाल उजेडात गायबच होतो, हे साधं विज्ञान आहे पण मला ते सगळ्यांसमोर शिकावं लागलं. आता अशा नाटकांत लालीऐवजी विटकरी-तपकिरी छटा वापरते, ती बऱ्यापैकी सगळीकडे तगते.

बरं, स्टिक लावली म्हणजे झालं असं नाही. मेणाची कुठलीही स्टिक असो, कुठल्याही कंपनीची, वरून पावडर नसेल तर ती चमकते आणि वितळते. खरं काम पावडरचंच. ट्रान्सल्युसंट, म्हणजे स्वतःचा रंग न चढवणारी पावडर घ्या, पफ भरून घ्या, आणि दाबा. दाबा म्हणजे दाबा, घासायचं नाही, घासलं की खालचं शेडिंग पुसलं जातं आणि मग पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटं तसंच पिठाळ ठेवायचं, मग मऊ ब्रशने जास्तीची झटकायची, वर पाण्याचा बारीक फवारा. नट ओरडतात, नाकातोंडात गेलं म्हणून. ओरडू द्यावं. अण्णा म्हणायचे की स्टिक महाग आणि पावडर स्वस्त म्हणून लोक स्टिक भरपूर लावतात आणि पावडर कंजूषपणे, करायला पाहिजे ते बरोब्बर उलटं. मी स्वतः लहान मुलांची टाल्कम पावडर लावूनही प्रयोग काढलाय, चालतं, फक्त सावळ्या रंगावर राख फासल्यासारखी दिसते.

घामाचं काय? आधी चेहरा धुवून बर्फ फिरवायचा, सुती रुमालात बांधून, पाचेक मिनिटं. याने घाम बंद होत नाही, उशिरा येतो, आणि आम्हाला तेवढंच हवं असतं, पहिला अंक निघून जातो. मध्यंतरात टिशूने टिपायचं, पुसायचं नाही, आणि पुन्हा पावडर. एका ठिकाणी, थिएटरचं नाव घेत नाही, एसी बंद, मेकअप रूममधला पंखा गरगर आवाज करतो पण वारा नाही, आणि बाहेर नोव्हेंबर असूनही उकडतंय. तिथे जे झालं ते मिशीच्या गोष्टीत सांगते.

पॅनकेक. मूळ पॅन-केक हे मॅक्स फॅक्टरचं १९३० च्या दशकातलं, रंगीत सिनेमा आला तेव्हाचं, पण आपल्याकडे आता ओल्या स्पंजने लावायच्या कुठल्याही वडीला पॅनकेकच म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. चेहऱ्यावर जाड थर लावला तर हसताना भेगा पडतात म्हणून चेहऱ्याला मी टाळते. हातापायांना मात्र हाच. कारण स्टिकचा रंग कपड्याला लागतो. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर एकदा बघा म्हणजे कळेल, वेशभूषा सांभाळणाऱ्या काकू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या. पॅनकेक वाळला की इतका लागत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. नाटकवाल्यांच्या रंगाच्या कांड्यांचा जन्मच बर्लिनचा. लुडविग लाइखनर नावाचा ऑपेरा गायक होता, त्याने १८७३ मधे तिथे रंगाच्या कांड्यांची कंपनी काढली, आणि त्याचा मोठेपणा हा की त्याचे रंग शिशाशिवायचे होते, त्याआधी नट मंडळी शिसं असलेला सफेदा तोंडाला फासून घ्यायची आणि तब्येतीची वाट लावून घ्यायची. त्या कांड्यांना नंबर असायचे, ५ नंबर फिकट आणि ९ नंबर विटकरी, इंग्लंडात वर्षानुवर्षं हे दोन मिसळून पुरुष नटांचा बेस व्हायचा. क्रायोलानसुद्धा बर्लिनचीच, १९४५ सालची, म्हणजे शहर बेचिराख झालेलं असताना कुणीतरी नाटकाचे रंग बनवायला बसलं होतं. मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं.

आता क्रेप, गम आणि मिशी.

क्रेप म्हणजे लोकरीसारखे केस, वेणी घातलेले मिळतात, फुटावर. वेणी सोडली की कुरळे असतात, ते कोमट पाण्यात बुडवून, ताणून दांडीला बांधून वाळवायचे म्हणजे सरळ होतात. हे प्रयोगाच्या दिवशी करायचं काम नाही, दोन दिवस आधी करायचं. रंग घेताना नुसता काळा घेऊ नका. खऱ्या माणसाची दाढी नुसती काळी नसतेच, काळ्यात थोडा तपकिरी, म्हाताऱ्याला थोडा करडा मिसळून विंचरला की खरी वाटते. दाढी लावताना हनुवटीच्या खालून सुरुवात करून वर वर यायचं, कौलं घालतो तसं, एकावर एक थर. पहिल्यांदा मी वरून खाली आले होते आणि मुलगा बोकडासारखा दिसत होता.

स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटमधे विरघळवलेली राळ. लावली की लगेच केस चिकटवायचे नाहीत, बोटाने टप टप करत राहायचं, बोट ओढताना चिकट तार येते तेव्हा केस दाबायचे, ओल्या फडक्याने. आणि जिथे गम लावायचा तिथे स्टिक लावायचीच नाही, लागली असेल तर आधी स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. तेलावर गम धरत नाही. हे मला माहीत होतं, पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी, त्या पंखा नुसता आवाज करणाऱ्या मेकअप रूममधे, दुसरी घंटा झाली होती, तिघांचं राहिलं होतं, आणि मी सावकाराच्या वरच्या ओठावर बेस लावून बसले आणि तशीच मिशी चिकटवली. त्यात गम नवीन, अनोळखी, आमच्या नेहमीच्या दुकानात संपला म्हणून दुसरीकडून कुठलातरी उचललेला, बाटलीवर धड नाव नाही.

दुसऱ्या अंकात सावकार मोठ्याने हसतो. हसला. डावी बाजू सुटली. मी विंगेतून बघतेय, मिशी एका टोकाला लोंबतेय, आणि समोर त्याचा कर्जदार, म्हणजे आमचाच शाखेतला शिपाई, ओठ दाबून जमिनीकडे बघतोय. सावकाराने काय केलं असेल? डावा हात मिशीवर नेला, पीळ देतोय असा, आणि पुढची सगळी १२ मिनिटं तो हात तिथून काढलाच नाही. एका हाताने वही उघडली, एका हाताने सही घेतली, थप्पडसुद्धा उजव्या हाताने. प्रेक्षकांना ती लकब वाटली. मध्यंतरात येऊन मला जे बोलला ते इथे टाइप करता येणार नाही. पुढच्या सगळ्या प्रयोगांत मात्र त्याने ती लकब ठेवली, मिशी घट्ट असतानाही.

त्यानंतर मी जाळीवर विणलेल्या तयार मिश्या घेतल्या, तीन. महाग पडतात पण धुवून, पिना लावून पुठ्ठ्यावर ठेवल्या तर वर्षानुवर्षं जातात, आणि बदलायला अर्धं मिनिट. एकाच नटाला दोन-तीन रूपं असतील तर हाच मार्ग. लोक विचारतात ब्लॅकआउटमधे मेकअप बदलता येईल का, तर बेस नाही बदलता येत बाबांनो, बेस सगळ्या रूपांना चालेल असा साधा ठेवायचा आणि मिशी, केसांचा टोप, चष्मा, फेटा, चाल आणि आवाज बदलायचा. प्रभाकर पणशीकरांनी १९६२ पासून 'तो मी नव्हेच' या नाटकामधे पाच रूपं केली, तिथे फिरता रंगमंच होता आणि नट पणशीकर होते. आमच्याकडे विंगेत एक स्टूल आणि टॉर्च धरलेला प्रॉम्प्टर असतो.

म्हातारपणाचा मेकअप हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात सांगते. तपकिरी पेन्सिलने कपाळावर तीन आडव्या रेघा ओढू नका, ते गॅदरिंगला ठीक. नटाला सांगायचं कपाळ आकस, डोळे बारीक कर, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड कर. जिथे त्याची स्वतःची घडी पडते तिथेच बारीक गडद रेघ, ती एका बाजूने बोटाने विरवायची, आणि तिच्या लगत उजळ शेडची रेघ. सुरकुती ही रेघ नसते, खड्डा आणि उंचवटा असतो. गालफडाखाली आणि कानशिलाला सावली, गळ्याच्या शिरांना उजळ. आमच्या २६ वर्षांच्या मुलाला असं सत्तरीचा केला होता, त्याची आई मेकअप रूममधे डबा घेऊन आली आणि बघून मागच्या मागे फिरली, म्हणाली याचे आजोबा असेच दिसायचे हो शेवटी. मला त्या वर्षी रंगभूषेचं बक्षीस मिळालं नाही, पण ते चालतंय.

एक मात्र, मोबाइलवर फोटो काढून मेकअप तपासू नका. फोटोत तो भयानकच दिसणार. तिसरी घंटा व्हायच्या आधी एकाला स्टेजवर लाइटखाली उभं करा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बघा, तिथून डोळे दिसतायत का, भुवई दिसतेय का, एवढंच. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांसाठी मेकअप करत नसतो आपण.

दशावतारातली माणसं हे सगळं एकटी करतात, हे लक्षात आलं की आपली नाटकं जरा कमी होतात. सिंधुदुर्गात मामाच्या गावी जत्रेला गेले होते, देवळाच्या मागे पेटाऱ्यांच्या आडोशाला एकेक जण हातभर आरशात बघून स्वतःचं तोंड स्वतः रंगवत होता, ना मेकअपमन ना खुर्ची. एक काका स्त्रीपार्टी होते, भुवई काढताना माझ्याशी गप्पा मारत होते आणि रेघ तसूभर हलली नाही. मी विचारलं कुठला ब्रँड, तर हसले आणि डबी दाखवली, तिच्यावरचं लेबल कधीच पुसून गेलेलं.

काढायचं कसं. साबणाने घासायला जाऊ नका, मेण आहे ते, साबणाला दाद देत नाही आणि चेहरा मात्र लाल होतो. खोबरेल तेल हातावर घ्यायचं, सगळ्या तोंडाला चोळायचं, जुन्या सुती कपड्याने पुसायचं, पुन्हा एकदा, मग फेसवॉश. कोकणात तेलाला तोटा नाही. गम ओढून काढायचा नाही, कातडी निघते, स्पिरिट किंवा गम रिमूव्हर कापसाने लावून सोडवायचा. आणि गम पहिल्यांदा वापरताना आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. आमच्या एका मुलाला रॅश आला होता तो असल्याच एका बिननावाच्या स्वस्त रंगाने, तीन दिवस कॉलेजला गेला नाही.

नकली मालाबद्दल बोलायलाच हवं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत स्टिक मागवली होती, कुठली ते सोडा, खोका अगदी हुबेहूब. उघडली तर रॉकेलसारखा वास, लावली तर गोळे गोळे, आणि पावडर मारल्यावर जमिनीला पोपडे सुटतात तसे. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून एक तर अधिकृत दुकानातून किंवा मुंबईला कुणी जात असेल तर त्याच्याकडून. निम्म्या किमतीत खरी स्टिक कुणी देत नाही, एवढं बँकेत बसणाऱ्या बाईला तरी कळायला हवं होतं.

तर नवीन ग्रुपला काय घ्यायचं, तर दोन शेडच्या दोन स्टिक, एक गडद तपकिरी शेडिंगला, मोठा डबा पावडर, दोन पफ, एक पॅनकेक, चांगल्या नावाचा गम, एक तयार मिशी आणि हातभर क्रेप. रक्ताची बाटली विकत घेऊ नका, मध, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, झालं. फक्त कपड्यावरचा डाग जात नाही आणि मुंग्या येतात. स्टिकला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा किमतीचा कापला. पावडरला पाच. स्वतःच्या घाईला शून्य.

आमची प्राथमिक फेरी पुढच्या आठवड्यात आहे. यंदा दोन दाढ्या आणि एक साधू आहे, त्यामुळे बाथरूमच्या दांडीवर आत्ता करड्या क्रेपच्या चार ओल्या लडी ताणून बांधल्यात आणि सासूबाई दर अर्ध्या तासाने बाहेरून विचारतायत की ते सुकलं का गं, मला आंघोळीला जायचंय.